आकाशकंदील टांगायचाय? आधी शिडीकडे बघा

कोजागिरी आटोपली की आपल्याकडच्या गावांत घरोघरी शिड्या बाहेर निघतात. जाळीजळमटं काढायची, भिंतींना चुना मारायचा, मग दारावर तोरण, छपराच्या कडेनं लाइटिंगच्या माळा आणि सगळ्यात वर आकाशकंदील. नेमके हेच दिवस सोयाबीन काढणीचे आणि कापसाच्या पहिल्या वेच्याचे. माणूस दिवसभर वावरात राबून येतो आणि दिवेलागणीच्या घाईत शिडीवर चढतो. पाय थकलेले, उजेड कमी, खाली शिडी धरायला कुणी नाही. पडायला एवढं पुरेसं असतं, आणि त्यासाठी उंची फार लागत नाही. सात-आठ फुटांवरून ओट्याच्या कडेवर पाठीवर पडलेला माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. ऐन हंगामात घरातला कमावता हात असा अडकला तर ते घर वर्षभर सावरत नाही.

यंदा पहिल्यांदाच घराच्या सजावटीचं काम ज्यांच्याकडे आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नवं घर बांधलेले, शहरातून सुट्टीत गावी आलेले, किंवा वडील थकले म्हणून आता स्वतः चढणारे, असे सगळेच त्यात आले.

चढणं कमी कसं करायचं

शिडी काढण्याआधी अंगणात उभं राहून घराकडे नीट बघा. कुठली वस्तू कुठे लावायची ते खालूनच ठरवा. यातलं अर्धं काम जमिनीवरून होतं. माळेला आधीच दोरीचे फास बांधून घेतले तर बोरं-चिंचा पाडायच्या आकडीनं ती खिळ्यांवर खालूनच अडकवता येते. मात्र विजेची तार जवळ असेल तिथे लांब बांबू उचलायचाच नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आकाशकंदिलासाठी एक कायमची सोय सांगतो. मला ती या सगळ्या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. वाशाच्या किंवा स्लॅबच्या पुढच्या टोकाला एकदाच पक्का हूक बसवून घ्या आणि त्यात लहानशी कप्पी अडकवा. हार्डवेअरच्या दुकानात ती सहज मिळते. कप्पीतून नायलॉनची दोरी ओवा. दोरीची लांबी हुकाच्या उंचीच्या दुप्पट आणि वर तीन-चार फूट ठेवा. खालचं टोक भिंतीवरच्या खुंटीला बांधा, लहान पोरांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. आता कंदील खाली उभं राहून बांधायचा आणि दोरीनं वर ओढायचा. बल्ब गेला, वाऱ्यानं कागद फाटला, पाऊस आला, तरी कंदील खाली घेता येतो. कंदिलाचं वजन दोरीवरच राहू द्या. वायर सैल सोडा, तिच्यावर ताण नको. हूक बसवायला गवंडी किंवा सुतार घरी येईल तेव्हाच हे काम उरकून घेतलं की त्यानंतर दर दिवाळीत शिडी लागतच नाही. ख्रिसमसचा तारा लावणाऱ्या घरांनाही हीच कप्पी कामाला येते.

शिडी तपासताना

आपल्याकडे बहुतेक घरी बांबूची निसणी असते आणि ती वर्षभर गोठ्याच्या भिंतीला टेकलेली किंवा खाली आडवी पडलेली असते. आडवी असेल तर हात घालण्याआधी काठीनं हलवा. पावसाळा नुकताच संपलेला असतो, त्या आडोशाला विंचू-साप येऊन बसतात. मग शिडी उन्हात आणा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळे आणि हात दोन्ही फिरवा.

बांबूला उभी चीर गेली आहे का, ते पेरांच्या आसपास जास्त बारकाईनं बघा. बारीक छिद्रं आणि त्यांतून पिठासारखा भुसा गळत असेल तर आतून भुंग्यानं पोखरलंय. असा बांबू वरून धडधाकट दिसतो आणि वजन पडलं की एकदम बसतो. मातीत टेकणारी खालची टोकं कुजलीत का, ते खिळा टोचून बघा. प्रत्येक पायरी हातानं पिळून पाहा. फिरत असेल तर खिळा ढिला झाला आहे किंवा बांधलेली दोरी सडली आहे. दोरीचं काम असेल तर ती नवी बांधून घ्या. बांबूच चिरला असेल तर तार गुंडाळून वर्ष काढायचा विचार सोडा आणि ती शिडी तोडून चुलीला लावा. शेजाऱ्याची मागून आणलेली शिडीही अशीच तपासा. त्यांनी ती पोरांना खेळायला दिली होती की बैलानं तुडवली, हे आपल्याला ठाऊक नसतं.

लोखंडी शिडीत वेल्डिंगचे सांधे आणि गंज बघायचा. ॲल्युमिनियमच्या घडीच्या शिडीत पायांखालचे रबर जागेवर आहेत का आणि मधल्या पट्ट्या पूर्ण उघडून अडकतात का, ते तपासा. घडीची शिडी अर्धवट मिटलेली ठेवून भिंतीला टेकवून चढू नका. ती उघडूनच वापरायची असते.

लांबीचा हिशेब सोपा आहे. टेकवायच्या शिडीच्या वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही, घडीच्या शिडीच्या वरच्या दोन पायऱ्यांवर नाही. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचा हात साधारण सात फुटांपर्यंत पोचतो. म्हणजे अकरा-बारा फुटांवरच्या हुकासाठी पाय पाच फुटांवर असले तरी भागतं. स्लॅबवर उतरायचं असेल तर शिडी स्लॅबच्या कडेच्या वर किमान तीन फूट निघाली पाहिजे. तेवढी निघाली की उतरताना धरायला काहीतरी राहतं.

आणि शिडी नसेल तर? तर मागून आणा. प्लॅस्टिकची खुर्ची, पाण्याचा ड्रम, बाजेवर ठेवलेला स्टूल, टेबलावर खुर्ची, बैलगाडीच्या साट्यात उभी केलेली शिडी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची शिडी, असले सगळे जुगाड गावात दरवर्षी दिसतात. त्यातला एकही चालणार नाही. ट्रॉली जराशी हलली की वरचा माणूस थेट हुकावर किंवा फाळक्यावर आदळतो.

शिडी कुठे आणि कशी उभी करायची

आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते. दिवाळीच्या सुमारास ती वरून कोरडी आणि खाली ओली असते. शिडीचा एक पाय भेगेत गेला किंवा मऊ जागी रुतला की शिडी आडवी कलते. तिथे दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर ठेवा. फळी नसेल तर आधी पायानं दाबून जमीन पक्की करा. एका पायाखाली वीट किंवा दगड सारून उंची बरोबर करायची सवय फार वाईट आहे. जागा उतरती असेल तर कुदळीनं उंच बाजू खोदून सपाट करा. पाच मिनिटं लागतात.

सकाळीच सडा टाकलेलं किंवा ताजं सारवलेलं अंगण निसरडं असतं, तिथे दुपारपर्यंत थांबा. गुळगुळीत टाइल्सच्या ओट्यावर शिडीखाली बारदाना टाकू नका, बारदान्यासकट शिडी सरकते. पणत्यांचं तेल आणि रांगोळी हेही पायांखाली नकोत. सोपा क्रम असा ठेवा: आधी वरचं काम, मग रांगोळी.

घराशेजारची नाली, उघडणारं दार, दाव्याला बांधलेली गाय, येणारी-जाणारी पोरं, हे सगळं शिडीच्या टप्प्याबाहेर असलं पाहिजे. दारासमोरच शिडी लावणं भाग असेल तर दाराला आतून कडी घाला आणि घरात सांगून ठेवा.

तिरकेपणाचं माप असं: चार फूट उंचीला एक फूट बाहेर. शिडी बारा फुटांवर टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून तीन फूट दूर हवा. याहून उभी ठेवली तर माणसासकट मागे उलटते, याहून आडवी ठेवली तर पाय सटकतात. टेप नसेल तरी तपासता येतं. शिडीच्या पायाला तुमच्या पायांची बोटं लावून सरळ उभे राहा आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत समोर करा. तळवे पायरीवर सहज टेकले तर शिडी बरोबर आहे.

वर टेकवायला भिंत किंवा मजबूत खांब घ्या. कवेलूंवर टेकवलेल्या शिडीनं कवेलू सरकतो आणि शिडीही सरकते. टिनाच्या कडेवर शिडी घसरते, वर ती धार हात आणि वायर दोन्ही कापते. पन्हाळीच्या भरवशावर तर मुळीच टेकवू नका. पहिल्यांदा चढताना खाली माणूस धरून असावा, आणि वर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे शिडीचं टोक वाशाला किंवा खिडकीच्या गजाला दोरीनं बांधणं. मग बाकीचं काम.

छपरावर पाय ठेवू नका, हे वेगळं लिहावंसं वाटतं. सिमेंटचे पत्रे जुने झाले की वरून काही कळत नाही, आणि माणूस त्यातून सरळ खालच्या खोलीत येतो. कवेलूंखालच्या जुन्या फाट्यांचंही तेच. सजावटीसाठी छपरावर जाण्यासारखं काहीच नसतं.

विजेचं काम

शिडी उचलण्याआधी वर बघा. खांबावरून मीटरपर्यंत आलेली सर्व्हिस वायर कुठून गेली आहे, अंगणावरून लाइन जाते का? उघड्या तारांपासून शिडी, बांबू आणि माणूस किमान १० फूट लांब राहिले पाहिजेत. शिडी आडवी धरूनच न्या आणि उभी करताना दोघांनी मिळून करा, म्हणजे ती तारांकडे कलत नाही. लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या शिडीतून वीज सरळ माणसात येते. वाळलेला बांबू बरा, पण दवानं भिजलेल्या बांबूचा भरवसा नाही. सर्व्हिस वायरवरचं आवरण ऊनपावसात तडकलेलं असतं, म्हणून तिला झाकलेली तार समजू नका. घराजवळची तार लोंबकळत असेल तर १९१२ वर महावितरणकडे तक्रार नोंदवा आणि ती नीट होईपर्यंत त्या बाजूची सजावट राहू द्या.

माळ आधी खाली अंगणात पसरून पंधरा मिनिटं चालवून पाहा. कुठे वायर उघडी आहे, कुठला जोड गरम होतो, कुठले बल्ब बंद आहेत, ते खालीच कळतं. मग प्लग काढा आणि बंद माळ घेऊनच वर जा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण अनेक घरांत बटण चुकीच्या तारेवर बसवलेलं असतं. माळ खिळ्यानं ठोकू नका, खिळा वायरमधून जातो. दोरीनं किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधा. टिनाचं छप्पर असेल तर माळ टिनाला टेकू देऊ नका. धारेवर वायर घासून कापली तर अख्ख्या छपरात करंट उतरतो आणि त्याला टेकलेल्या लोखंडी शिडीतही. टिनाच्या कडेखाली लाकडी पट्टी किंवा बांबू बांधा आणि माळ त्यावरून न्या.

घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारा सुरक्षा-स्विच, बसवलेला असेल तर गळती झाल्याक्षणी तो वीज तोडतो. नसेल तर वायरमनला बोलावून दिवाळीआधी बसवून घ्या. आकडा टाकून रोषणाई करू नका. तिथे ना फ्यूज असतो ना अर्थिंग, आणि आकडा टाकणारा स्वतः शिडीवर उभा असतो.

प्रत्यक्ष चढताना

वेळ दुपारची निवडा. दिवाळीच्या दिवसांत नागपूरकडे पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो, त्यामुळे चार वाजेपर्यंत वरचं काम संपेल असं बघा. सकाळी शिडीवर दव असतं. ज्यांना बीपी-शुगरच्या गोळ्यांनी गरगरतं, ज्यांचा उपवास आहे, ज्यांनी घेतलेली आहे, त्यांनी खालचं काम करावं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना स्पष्ट सांगा: आबाजी, तुम्ही माळ सोडवून द्या, वर मी चढतो. त्यांना वाईट वाटलं तरी चालेल.

चढण्याआधी वळचणीत बॅटरी मारून बघा. पावसाळ्यानंतर तिथे गांधीलमाश्यांचं पोळं हमखास असतं. वर गेल्यावर माशी अंगावर आली की माणूस हात झटकतो आणि तोल जातो. पोळं दिसलं तर ती जागा सोडून द्या.

पायात स्लीपर नको. मागून बंद, न घसरणारे बूट घाला, पोरांचे शाळेचे कॅनव्हासचे बूट चालतील. धोतर-लुंगीऐवजी पँट घाला, पदर-ओढणी खोचून घ्या, साडीपेक्षा सलवार-कुर्ता बरा.

खाली शिडी धरणारा माणूस हवाच. त्यानं शिडीसमोर उभं राहून दोन्ही बाजू धराव्यात, एक पाय खालच्या पायरीवर ठेवावा आणि नजर वर ठेवावी. मोबाइल खिशात. खर्रा घोटायला, कुणाला हाक द्यायला त्यानं जागा सोडू नये. जायचं असेल तर आधी वरच्याला खाली उतरू द्यावं.

चढताना तोंड शिडीकडे ठेवा. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन अवयव कायम शिडीला टेकलेले असावेत. म्हणूनच हातात काही घेऊन चढता येत नाही. हातोडी, खिळे, दोरी खांद्याच्या झोळीत टाका. माळ आणि कंदील वर पोचल्यावर दोरीनं ओढून घ्या.

हात लांबवू नका, शिडी सरकवा

वर उभं असताना तुमच्या पँटचा पट्टा शिडीच्या दोन उभ्या बांबूंच्या मध्येच राहिला पाहिजे. पोट बांबूच्या बाहेर गेलं की वजन बाहेर गेलं. इथेच लोक पडतात. शेवटचा खिळा वीतभर लांब असतो, खाली उतरून शिडी सरकवायचा कंटाळा येतो, आणि माणूस म्हणतो, "एवढुशासाठी काय खाली उतरू बाप्पा?" एक पाय हवेत, एक हात वाशाला, आणि शिडी दुसऱ्या बाजूनं उचलली जाते. खाली धरणाऱ्याला त्या क्षणी काही करता येत नाही, कारण वजन शिडीच्या बाहेर पडलेलं असतं.

बारा-पंधरा फूट लांबीच्या छपराच्या कडेला माळ लावायची तर चार-पाच वेळा उतरून शिडी सरकवावी लागते. ते काम धरूनच चाला. वर माणूस असताना शिडी सरकवायची नाही. जागेवर उड्या मारून वरूनच शिडी पुढे नेणारेही मी बघितलेत, विशेषतः रंगकाम करणारी पोरं. त्यांची नक्कल करू नका. दर वेळी खाली उतरा, फळी हलवा, शिडी टेकवा, तिरकेपणा बघा, धरणाऱ्याला "धरली का?" विचारा आणि त्याचं "हो" ऐकूनच चढा.

तोल जातोय असं वाटलं तर वस्तू सोडून द्या. कंदील फुटला तर दुसरा आणता येतो. दोन्ही हातांनी शिडी धरा, श्वास घ्या, उतरा.

उतरताना तोंड शिडीकडेच ठेवा. खालच्या दोन पायऱ्या राहिल्या असताना जमीन आली समजून पाय सोडणारे पुष्कळ असतात, आणि घोटा तिथे मुरगळतो. शेवटची पायरी आली की धरणाऱ्यानं "शेवटची" असं मोठ्यानं म्हणावं.

कुणी पडलंच तर

सगळ्यात आधी, त्याला उठवून बसवू नका. आपल्याकडे चार जण धावतात, काखेत हात घालून उभं करतात, पाणी पाजतात आणि मोटरसायकलवर मध्ये बसवून नेतात. मणका दुखावला असेल तर त्यातच पाय कायमचे जाऊ शकतात. पडला तसाच राहू द्या, डोकं-मान दोन्ही हातांनी स्थिर धरा, त्याच्याशी बोलत राहा. १०८ वर फोन करा. गावाच्या नावासोबत तालुका आणि जवळची खूण सांगा, आणि एका माणसाला रस्त्यावर उभं करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. खायला-प्यायला काही देऊ नका.

गाडी येणारच नसेल आणि न्यावंच लागलं तर दाराची फळी किंवा पाट्यांसारखं सपाट-कडक काहीतरी घ्या. बाज चालत नाही, ती मधे झोल खाते. चार-पाच जणांनी डोकं, पाठ, कंबर आणि पाय एका रेषेत ठेवून एकदम उचला.

डोक्याला मार लागलेला माणूस उठून नीट बोलतो, चहा मागतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. पुढच्या चोवीस तासांत उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, झटके, किंवा नाकाकानातून रक्त-पाणी यांतलं काहीही दिसलं तर लगेच दवाखान्यात न्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर काहीही दिसण्याची वाट न बघता न्या.

शॉक लागला असेल तर त्याला किंवा शिडीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. शिडी बाहेरच्या लाइनला टेकली असेल तर घरच्या मेन स्विचचा उपयोग नाही. जवळ जाऊ नका, सगळ्यांना लांब ठेवा आणि १९१२ वर कळवून लाइन बंद करायला लावा. वीज बंद झाल्याची खात्री पटल्यावर माणसाचा श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर-एकशेवीस या गतीनं दाब देत राहा, रुग्णवाहिका येईपर्यंत.

सजावट काढताना

तुळशीचं लग्न झालं की माळा उतरवतात, आणि तेव्हा ना शिडी धरायला कुणी असतं ना कुणाचं लक्ष. खालून माळ ओढून काढायचा मोह होतो. ती कवेलूत अडकते आणि कवेलूच अंगावर येतो. लावताना जेवढी माणसं होती तेवढीच काढतानाही ठेवा, आणि तेव्हाही दुपारीच. माळेचा प्लग आधी काढा.

मग शिडी पुसा, दिवसभर सावलीत वाळवा आणि बांबूला जवसाच्या तेलाचा हात द्या. रंग मारू नका, त्याखाली चिरा दिसत नाहीत. जमिनीला टेकवून न ठेवता भिंतीत दोन-तीन खुंट्या ठोकून त्यांवर आडवी ठेवा, छपराखाली, पोरांच्या हाताला लागणार नाही इतकी उंच. एखादी पायरी हलत असल्याचं दिवाळीत लक्षात आलं असेल तर तिला आत्ताच लाल चिंधी बांधून ठेवा आणि बुरडाकडून किंवा सुताराकडून पायरी बदलून घ्या. पाडव्याला गुढीसाठी हीच शिडी पुन्हा निघणार आहे.